झाड असलेलं हॉटेल

बहिणीची राख सावडून आम्ही स्मशानघाटाबाहेर आलो तेव्हा दुपार कलली होती. मातीचं मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून वडिलांनी हातात धरलं होतं. मोठा भाऊ परदेशातून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. तो आला की कन्हानला नदीवर जायचं ठरलं होतं. मधली एक रात्र नागपुरात काढायची होती.

घाटावर अस्थी ठेवायची सोय होती. वडील म्हणाले, "एकटी नाही ठेवत मी तिले." नागपुरातच, जरीपटक्यात मावशी राहते, पण सुतकात अस्थी घेऊन कुणाच्या दाराशी जायचं नसतं. अस्थी छपराखाली न्यायच्या नाहीत, जमिनीवर टेकवायच्या नाहीत, हेही आमच्याकडे पक्कं. आमच्या गावी, उमरेडला, आम्ही मडकं झाडाला टांगतो. पण स्मशानातून निघालेलं मडकं नदीवर न जाता मागे गावाकडे न्यायला वडील तयार नव्हते.

म्हणून आम्ही झाड असलेलं हॉटेल शोधायला निघालो.

सदर भागातला हॉटेलांचा रस्ता मला माहीत होता, कारण बहीण तिथल्याच एका ऑफिसात कामाला होती. दिवसा तिथे साधी वर्दळ असते. संध्याकाळी बारच्या पाट्या पेटतात आणि गाड्या फुटपाथवर चढतात. त्यात शनिवार. वडील प्रत्येक हॉटेलसमोर थांबून फक्त वर पाहत. पहिल्याच्या झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. दुसऱ्याचं कडुनिंब चांगलं होतं, पण त्याखाली टेबलं मांडली होती आणि बियर पिणाऱ्यांचा एक घोळका मोठमोठ्याने हसत होता.

"इथं नको," वडील म्हणाले. "तिच्याखाली कोणी असं हसून राहिलं तर मले नाही पाहवणार."

तिसऱ्या हॉटेलाचा मॅनेजर दारात उभा होता. "काकाजी, रूम सोडून झाड काहून पाहून राहिले? झाडावर मुक्काम करता का?"

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो ओशाळला.

"भाऊ, रूम देतो मी. पण झाडाले नका टांगू. गिऱ्हाइकानं विचारलं तं काय सांगू? रूममधी ठेवा, मले काही प्रॉब्लेम नाही."

"आम्ही छपराखाली नेत नाही," मी म्हणालो.

"मंग घाटावरच ठेवाले पाहिजे होतं ना."

हे वडिलांनी ऐकलं. पाटीचा लाल-हिरवा उजेड आळीपाळीने फडक्यावर पडत होता. घाटापासून त्यांनी मडकं माझ्या हाती दिलं नव्हतं. आता ते सारखा हात बदलत होते.

"घरात नेत नाहीत गा," ते मला म्हणाले. "हे कोणाचं घर थोडीच हाय. चाल."

खोली बारवरच होती. खालच्या गाण्याने खिडकीची काच थरथरत होती. कपड्यांसाठी भिंतीत खुंटी होती, तिला आम्ही मडकं टांगलं. वडील पलंगाच्या कडेला, त्याच्याकडे तोंड करून बसले. मे महिन्यात दिवसभर बंद राहिलेली ती खोली भट्टीसारखी तापली होती. मी उठून पंखा लावला. वाऱ्याने मडकं हललं आणि भिंतीला घासू लागलं.

"बंद कर," वडील म्हणाले.

मी पंखा बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.