कुंदावहिनींची समतोल रेषा

"भावजी, वर आता उन्हाळा संपत आला असेल ना?" कुंदावहिनींनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. भाद्रपदातली दुपार होती. चिंचणीच्या घराच्या ओट्यावर त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या आणि समोरच्या चिकूच्या वाडीत पान हलत नव्हतं. त्यांचं 'वर' म्हणजे गढवालमधली त्यांची हिमनदी; तिथे बर्फ वितळण्याचे दिवस भाद्रपदापर्यंत चालतात. "संपत आला असेल," मी म्हटलं. त्यांनी "हं" केलं आणि डोळे मिटले... त्याच आठवड्यात त्या गेल्या. दादाचा फोन आला तेव्हा मी तारापूरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एक नमुना तोलत होतो. "कुंदा गेली रे," एवढंच तो म्हणाला. मी काट्यावरचं वजन नोंदवलं आणि मगच उठलो. अर्धवट सोडलेली नोंद त्यांना कधी आवडली नाही.

वहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. पालघरच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवायच्या आणि दर उन्हाळ्यात हिमालयात जायच्या. दादाचा सगळा जीव वाडीत. पाहुण्यांना तो सांगायचा, "आमची बायको समुद्र सोडून बर्फाच्या मागं लागलेय. आमाला बर्फ ठावं ते मासे ठेवण्यापुरतं." वहिनी म्हणायच्या, "तेही वितळतं, तेव्हा आरडाओरडा करता ना? मी तेच मोजते."

त्या काय मोजतात, ते मला चिंचणीच्या किनाऱ्यावर उमगलं. भरती ओसरली होती आणि वाळूवर काडीकचऱ्याची लांबच लांब रेघ राहिली होती. वहिनी म्हणाल्या, "पाणी कुठवर आलं होतं ते ही रेघ सांगते. माझ्या हिमनदीवरही उन्हाळ्याच्या शेवटी अशीच रेघ दिसते. तिच्या वरचं बर्फ टिकतं, खालचं वितळून जातं. ती समतोल रेषा." मग सुरूच्या झाडांजवळची, कधीकाळच्या मोठ्या भरतीने टाकलेली वाळकी रास दाखवून म्हणाल्या, "आणि जुनी हिमनदी कुठवर उतरली होती, ते तिने टाकलेल्या दगडांच्या राशी सांगतात. त्यावरून तेव्हाची रेषा काढायची." ती रेषा तेव्हापासून किती वर चढली, हाच त्यांचा जन्मभराचा प्रश्न.

घरी संगणक नव्हता त्या काळात रेषा काढायला त्या माझा काटा वापरत. हिमनदीचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि मी तो डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचा. आधी अख्ख्याचं वजन, मग उंचीच्या रेघांवर कापत जायचं. वरच्या तुकड्याचं वजन अख्ख्याच्या पाच भागांपैकी तीन भाग भरलं की काप जिथे पडला, तिथे रेषा; हिमनदीचा साधारण तेवढाच भाग रेषेच्या वर असतो. आमचा मदतनीस यादव विचारायचा, "साहब, आज टिफिन में सब्जी है कि हिमालय?"

गेल्या वर्षी त्यांचे गढवाली सहकारी रावत यांचं पत्र आलं. वहिनींनी जी रास जुन्या हिमनदीची धरली होती, ती डोंगरकडा कोसळून झालेली असावी, अशी रावतांना शंका होती. तसं असेल तर वहिनींची जुनी रेषाच चुकीची ठरत होती. त्या रेषेवर त्यांचं सगळं काम उभं होतं. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना डोंगर बंद केला होता. "भावजी, तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "दगड हिमनदीने घासलेले, ओरखडे पडलेले आहेत का बघा, की कड्यावरून पडलेले, नुसते धारदार. आणि माझ्यासाठी म्हणून एखादा गोल दगड शोधून काढू नका हं!"

मी रावतांबरोबर गेलो. त्या राशीवर ढग उतरले होते. दहा पावलांवर उभे असलेले रावत दिसेनासे व्हायचे, मग पुन्हा उगवायचे... दूर कुठेतरी पाणी गाजत होतं आणि मला वाटायचं, चिंचणीचा समुद्रच हा. हाताला लागेल तो प्रत्येक दगड कोरा, टोकदार, वरच्या कड्याच्याच रंगाचा. ठरल्यापेक्षा जास्त वेळ मी शोधत राहिलो. ओरखड्यांचे दगड मिळाले ते पार वर, दुसऱ्याच एका राशीत. जुनी हिमनदी तिथेच थांबली होती.

परतलो तेव्हा दादाने मला विहिरीपाशीच अडवलं. "चुकलंच ना तिचं? मंग आज नको सांगू. तब्येत बरी नाय तिची."

ओट्यावरून आवाज आला, "दोघं भाऊ विहिरीपाशी कुजबुजताय, म्हणजे दगड धारदार निघाले!"

मी सगळं सांगितलं. वहिनींनी जुना पुठ्ठा मागवला, कात्री घेतली आणि जुन्या हिमनदीची त्या वरच्या राशीखालची जीभ सावकाश कापून टाकली. "तोलून आणा," म्हणाल्या. "संगणक सांगेलच, पण हे मला हातानेच करायचंय." रेषा त्यांनी धरली होती त्याहून वर निघाली. म्हणजे तेव्हापासून ती कमी चढली होती.

"मंजे बर्फ तेवढं गेलंच नाय? बरंच झालं की!" दादा म्हणाला.

"बर्फाचं काही बरं झालं नाही हो. मीच जास्त धरलं होतं."

रावतांनी दुरुस्ती आपण लिहितो म्हणून कळवलं. वहिनींनी ऐकलं नाही. "माझी चूक दुसऱ्याने का दुरुस्त करायची? मी अजून आहे ना!" पाठीला उशी लावून, धाप लागली की थांबत, त्यांनी ती लिहिली. छापून आली तेव्हा त्या ती स्वतः वाचू शकल्या.

परवा चिंचणीला गेलो. दादा वहिनींच्या खोलीत, भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर चष्मा लावून उभा होता. उन्हाळा सरला की त्या वर्षीची रेषा वहिनी त्या नकाशावर पेन्सिलने काढत. यंदा दादाने रावतांकडून परस्पर फोटो मागवला होता आणि रेषा स्वतःच काढली होती.

"बघ रे, बरोबर हाय का?"

मी फोटो नकाशाशी ताडून पाहिला. "उजवीकडे तू बर्फ धरलंयस, तो ढग आहे, दादा. बर्फ अजून वर."

"अजून वर?"

"हो."

वर आता फारशी जागा उरलेली नव्हती. दादाने वहिनींच्या टेबलाचा खण उघडला, रबर शोधून काढलं आणि आपली रेषा हलक्या हाताने पुसू लागला.