जोडीदाराचा डबा

बायकोनं आज ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा वाढला आणि त्या वासासरशी सायली गावातला सूत कारखाना आठवला. शेजारच्या मशीनवर माझ्यासारखाच खानदेशातून आलेला एक लठ्ठ जोडीदार होता. नोकरीत कायम होण्याआधी डॉक्टरांची तपासणी होती, म्हणून वजन उतरवायला त्यानं जेवणच सोडलं होतं. घरी कळू नये म्हणून त्याचा असाच भाकरी-ठेच्याचा डबा रोज मी संपवायचो. "कोणाले सांगू नको, भाऊ," एवढंच त्याचं मागणं. चौथ्या दिवशी तो चक्कर येऊन मशीनपाशी कोसळला. गरम तेलाच्या वासात सगळे जमले. "क्या जाडिया, कितना ठूसा आज?" सुपरवायझरनं विचारलं. सगळे हसले. त्याची बाजू घेतली तर मलाही हसतील, या भीतीनं मी म्हणालो, "दोन डबे, साहेब!" हशा वाढला. "खा के सोनेवाला नहीं चाहिए," म्हणत सुपरवायझरनं कायम होणाऱ्यांच्या यादीतलं त्याचं नाव कापलं. गेटपर्यंत त्याला मीच धरून नेलं. "त्यायचं जाऊ दे," तो म्हणाला, "तुले तं माहीत होतं." पुढे त्याच यादीतून मी कायम झालो. इतकी वर्षं कुणापाशी बोललो नाही, पण हो, मला माहीत होतं.