पासवर्ड दोनदा, बुक्की एकदा

मंडळी, आज दुपारी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रक्त सांडलं.

लेथ वर्कशॉपवाले दोघे भाऊ त्यांचा, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर घेऊन आले. तो काउंटरवर ठेवला आणि थोरल्यानं धाकट्याची गचांडी धरून तोंडावर बुक्की हाणली. ओठ फुटला.

"ह्यानं पासवर्ड बदललाय! नवीन सॉफ्टवेअर टाकाय गेलं की परवानगी न्हाय म्हणतंय. मला धंद्यातनं काढायचा डाव हाय ह्याचा!"

"आईशप्पथ, मी हातबी लावला न्हाय!" धाकटा ओरडला.

थोरल्याचा हात परत उठला, तो मी वरच्यावर धरला. म्हटलं, "अण्णा, आधी माझ्यासमोर पासवर्ड टाका बघू."

मी स्क्रीन बघितलाच नाही, नुसता कान दिला. कीबोर्डवर सहा टकटक झाल्या. थोडं थांबून परत सहा. मग एंटर.

"दोनदा का टाकलासा?"

"पहिल्यांदा काय उमटलंच न्हाय की!"

"अण्णा, ह्या लिनक्समधी पासवर्ड टाकताना ठिपकाबी दिसत न्हाय. दोनदा टाकला की दोन्ही जोडून चुकीचा धरतंय. एकदाच टाका."

एकदाच टाकला. सॉफ्टवेअर गपगुमान बसलं.

धाकटा ओठावर रुमाल दाबून म्हणाला, "आणि मला हाणताना कुणाची परवानगी घेतलीस, अण्णा?"

थोरल्यानं कॉम्प्युटर उचलला आणि दाराकडं वळला.

कॉम्प्युटरचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. त्या दोघांचं कसं सुटायचं, तुम्हीच सांगा.