ज्याची उडी त्यानंच मारायची

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आमची गाडी कॉलेज रोडवरून निघाली. नाशिकमध्ये त्या दिवशी एवढी थंडी होती की ड्रायव्हर एका हातानं गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हातानं वर्तमानपत्राच्या बोळ्यानं काचेवरची वाफ पुसत होता. गाडीत आम्ही महाविद्यालयातले नऊ जण होतो. पेठ रस्त्यावर, सावळघाटाच्या अलीकडे, एका माळावर क्रेनवरून बंजी उडी मारायची सोय आहे (पायांना आणि कमरेला लवचिक दोर बांधून उंचावरून झेप घ्यायची). आमची वार्षिक सहल यंदा तिथं न्यायची ठरली होती.

मी ग्रंथपाल आहे, वय बावन्न. उंचीशी माझा संबंध वरच्या फळीवरची पुस्तकं काढायच्या शिडीपुरता, आणि तिच्याही चौथ्या पायरीच्या वर मी कधी गेलेले नाही. आजवरच्या सगळ्या सहलींत माझं काम ठरलेलं असे. बाकीचे गड चढत, पाण्यात उतरत. मी झाडाखाली पुस्तक उघडून त्यांच्या पिशव्या आणि चष्मे सांभाळत बसे. म्हणून स्टाफरूममध्ये सहलीची यादी लागली तेव्हा कार्यालयातल्या वंदना देवरे यांनी माझं नाव परस्पर 'फक्त सहल' या रकान्यात टाकलं होतं. मी ते खोडून 'उडी' या रकान्यात लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भौतिकशास्त्राच्या शिंदे सरांनी माझी चूक झाली असं समजून त्यावर पांढरा रंग लावला होता. मी तो वाळू दिला आणि त्याच्यावरच पुन्हा नाव लिहिलं.

कोणी काही विचारलं नाही. अडचण तीच होती. माझे यजमान विवेक गेल्याला अकरा महिने झाले होते, आणि तेव्हापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. मी स्टाफरूममध्ये शिरले की हसणं थांबे आणि पंख्याचा आवाज ऐकू येई. आपल्या रोजच्या बोलण्यात मरण किती सहज येतं, हे मला त्या महिन्यांत कळलं. 'कामानं मेलो', 'मरू दे ते', 'थंडीनं मरायची वेळ आली', अशी वाक्यं माणसं माझ्यासमोर निम्म्यावर गिळत. शिंदे सर एकदा 'हे पेपर तपासून तपासून अगदी मे...' इथवर आले, माझ्याकडे पाहिलं, आणि 'मेहनत फार पडते' म्हणून मोकळे झाले. या चांगुलपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण आपली थट्टा करायचं सगळ्यांनी सोडून दिलं की आपण कुठल्या तरी काचेच्या कपाटात राहायला गेलोय असं वाटू लागतं. उडी मारली तर ही माणसं माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलतील, असा माझा जरा बालिशच अंदाज होता.

शहर संपलं, रामशेजचा किल्ला उन्हात आला. पुढे भात काढून झालेली खाचरं, त्यांत उरलेली पिवळी खुंटं, मधूनच शेणाचा आणि धुराचा वास. एका टपरीवर सगळ्यांनी मिसळ खाल्ली, दोनदोनदा तर्री मागून घेतली. मी नुसता चहा घेतला. वंदनाताई हळूच म्हणाल्या, "ताई, मनात नसेल तर राहू द्या हं. कोणी काही म्हणणार नाही."

"तेच तर," मी म्हणाले. त्यांना ते समजलं नाही.

माळावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. पिवळी क्रेन उभी होती आणि तिच्या टोकाला लोखंडी पिंजरा लटकत होता. बारा-तेरा मजल्यांची इमारत असते तेवढी उंची. मान वर करून पाहताना माझी शाल खांद्यावरून घसरली.

उडीच्या आधी प्रत्येकाचं वजन करतात, कारण दोर वजनावर ठरतो. काट्यावर उभं केलं की तिथली मुलगी वजन मोठ्यानं ओरडून सांगते, दुसरा माणूस तेच परत ओरडतो आणि मगच आकडा हातावर शाईनं लिहितात. चूक होऊ नये म्हणून ही पद्धत. पण आमच्या मंडळींना ती मानवेना. वंदनाताईंनी आधी स्वेटर काढला, मग घड्याळ, मग बांगड्या.

"ब्याऐंशी!" मुलगी ओरडली.

"ब्याऐंशी!" पलीकडून उत्तर आलं.

"काय शे माय हे!" वंदनाताई थेट सटाण्याच्या अहिराणीवर आल्या. "अगं, गावभर दवंडी कशाला पिटतेस? मिसळ खाल्लीये आत्ताच, ती तरी वजा कर!"

सगळे पोट धरून हसले. माझी पाळी आली. "चौपन्न!" आकडा दोनदा माळावर घुमला. कोणी हसलं नाही. शिंदे सर म्हणाले, "मॅडम, जेवता ना वेळेवर?"

मग रक्तदाब तपासला आणि अर्ज भरला. अर्जात एक ओळ होती: अडचण आल्यास कोणाला कळवायचं. तेवीस वर्षं या ओळीवर मी न थांबता एकच नाव लिहीत आले. आताही पेनानं 'वि' काढून झाला होता. मुलगी दूर परदेशात, तिला उगाच घाबरवायचं कशाला? मी 'वि'चा 'वं' केला आणि वंदना देवरे असं लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, तर त्याच म्हणाल्या, "मैत्रीण लिहा. नाहीतर अडचण आली तर मला दवाखान्यात आतच सोडायचे नाहीत."

दोर बांधायला जयराम नावाचा माणूस होता. पस्तिशीचा, बारीक, जवळच्याच पाड्यावरचा (डोंगरातली लहान वस्ती). प्रत्येक बक्कल ओढून पाहताना तो 'कंबर', 'उजवा पाय', 'डावा पाय' असं मोठ्यानं म्हणे आणि आपण 'हो' म्हटल्याशिवाय पुढं सरकत नसे.

"तुम्हाला भीती नाही वाटत का हो दोराची?" मी विचारलं.

"माझा बाप मोहोळ काढायला कड्यावरून दोरानं उतरायचा, मॅडम. मंग भीती कशी वाटंल? वर दोर धरायला मेव्हणा. सख्खा भाऊ नाय घ्यायचा."

"का?"

"भावाचा काय भरवसा? जमिनीसाठी सोडील दोर. मेव्हणा नाय सोडायचा. बहिणीचं कुंकू जाईल ना त्याच्या!"

वंदनाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या जयरामच्या पाठीमागून मला हातानं 'लक्ष देऊ नका' असं खुणावू लागल्या. मला मात्र हसू फुटलं, आणि ते थांबेचना. अकरा महिन्यांत कुंकवाचा शब्द माझ्यासमोर बिनदिक्कत उच्चारणारा हा पहिला माणूस. जयरामही हसला. "खरंच सांगतो! डावा पाय?"

"हो," मी म्हणाले.

पहिली उडी शिंदे सरांची होती. ते वर गेले आणि पिंजऱ्याच्या काठावर पाच मिनिटं नुसते उभे राहिले. खालून एकच गिल्ला झाला. "सर, गुरुत्वाकर्षण शिकवता ना? मग करा की प्रात्यक्षिक!" "घरी फोन लावू का? सौ.नं दम दिला की लगेच उडी माराल!" शेवटी सर डोळे मिटून पडले, आणि खाली आल्यावर सगळ्यांनी त्यांच्या पाठीवर धपाटे घातले.

मग मी. पिंजरा वर जाताना तारा कुरकुरत होत्या. शेजारी जयराम उभा होता. गाडी आगपेटीएवढी झाली, माणसं मोहरीएवढी. फाटक उघडलं. मी एक पाऊल टाकलं, खाली पाहिलं आणि पिंजऱ्यात मटकन खाली बसले. हाताची बोटं लोखंडी गजाला अशी चिकटली की मला स्वतःलाच ती सोडवता येईनात.

"मला नाही जमणार."

"मंग नका मारू," जयराम म्हणाला आणि पिंजरा खाली घ्यायला सांगितलं.

मी वाट पाहत होते ती गिल्ल्याची. पण खाली सगळे उठून उभे राहिले होते. कोणी खुर्ची पुढं केली, कोणी पाणी. "छान केलंत मॅडम, वर गेलात हेच खूप आहे." "सावलीत बसा." शिंदे सर तर इतक्या हळू आवाजात बोलत होते की ते मला ओळखू येईनात. पंधरा मिनिटांपूर्वी याच लोकांनी त्यांना सोलून काढलं होतं, आणि माझ्या भित्रेपणाला एक टोमणाही मिळू नये? मला राग आला. विवेक गेल्यापासून खराखुरा, स्वच्छ राग पहिल्यांदाच.

पाण्याचा पेला मी वंदनाताईंच्या हातात परत दिला. "मी पुन्हा जाते."

"ताई, कशाला हट्ट?"

"जाते म्हटलं ना!"

दुसऱ्यांदा वर पोचल्यावर मी दोन्ही हातांनी गज धरला. मी जयरामला म्हणाले, "तुम्ही हळूच ढकलून द्या मला. मी काही बोलणार नाही."

"ढकलायचं नाय, मॅडम. ज्याची उडी त्यानंच मारायची, आमचा नेमच हाय तसा. तुम्ही खाली नका पाहू. तो समोरचा डोंगर हाय ना, त्याला भेटायला निघाल्यागत जा."

समोर डोंगर होता. त्याच्या अंगावर कुणीतरी गवत जाळलेलं, त्याचा काळा पट्टा. मी त्या पट्ट्याकडे पाहत राहिले आणि निघाले.

पोट वर राहिलं आणि मी खाली गेले. कानांत वारा फाटत होता. जमीन अंगावर धावून आली, मग दोरानं मला एकदम मऊ हातानं धरलं, आणि झालं, संपलं असं मला वाटलं. पण खाली गेल्यावर दोर आपल्याला तितक्याच जोरानं परत वर फेकतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मी उलटी, पाय वर, पुन्हा आभाळाकडे निघाले होते, आणि माझ्या तोंडून आवाज फुटला:

"अरे मुडद्या, थांब की!"

माझं माहेर निफाडकडचं. आईची जीभ अशी की सकाळी कोंबड्यांपासून सुरुवात करी आणि संध्याकाळी विहिरीच्या बंद पडलेल्या मोटारीवर संपवी. तीस वर्षं पुस्तकांत काढूनही ती सगळी शिदोरी माझ्या पोटात शाबूत निघाली. दुसऱ्या हेलकाव्याला "मुडदा बशिवला तुझा!" तिसऱ्याला "मेल्या, तिरडी बांधीन तुझी!" वर जयराम दोन्ही हात जोडून उभा होता म्हणे. सगळा माळ ते ऐकत होता.

विवेकची आठवण तेव्हा आली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर मी ते बराच वेळ स्वतःला विचारत बसले होते. तेवढे क्षण मी फक्त घाबरलेली एक बाई होते.

दोर शांत झाला, मला गादीवर उतरवलं. सगळे भोवती जमले. मुडदा, तिरडी, जे शब्द त्यांनी अकरा महिने माझ्यापासून लपवले होते, ते मीच त्यांच्या डोक्यावरून ओवाळून टाकले होते. वंदनाताईंनी तोंडावर पदर दाबला होता. मला वाटलं, रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते.

"मॅडम," शिंदे सर फार गंभीरपणे म्हणाले, "ग्रंथालयात 'शांतता राखा' ही पाटी नेमकी कोणासाठी लावलीय?"

मग जो हशा उसळला त्यात मला कोणी उठवलंसुद्धा नाही. मी पायांत दोर अडकलेली तशीच पडून हसत होते, आणि वंदनाताई माझ्या शेजारी गादीवर बसून म्हणत होत्या, "मेले गं बाई! हसून हसून मेले!" वाक्य पुरं झालं आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

जयराम खाली उतरला तेव्हा मी त्याची माफी मागितली. "राहू द्या," तो म्हणाला. "माझी आई याच्यापेक्षा लय वाईट बोलते. तुमचं तर आशीर्वादासारखं लागलं."

त्याच्याच पाड्यावर एका घरी जेवणाची सोय होती. नागलीच्या (नाचणीच्या) गरम भाकरी, उडदाचं भुजं (भाजून दळलेल्या उडदाचं दाट वरण) आणि लसणीचा ठेचा. मी चार भाकरी खाल्ल्या. "चौपन्न आता राहिलं नाही हं," कोणीतरी म्हणालं. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "वरून वरडत होत्या त्या कोन?" आठ बोटं माझ्याकडे वळली.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी झाली, माझ्या शिव्यांची नक्कल झाली. शिंदे सरांना 'तिरडी' नीट म्हणता येत नव्हतं, मी दोनदा शिकवलं. गंगापूर रोडला माझ्या घराखाली गाडी थांबली तेव्हा सहा वाजले होते. मी उतरले, तर मागून सगळेच उतरू लागले.

"मॅडम, एवढं ऐकून घेतलं आम्ही, चहा तरी पाजाल की नाही?"

नऊ जण दोन खोल्यांत मावले. कप पाचच निघाले, म्हणून कोणी वाटीत चहा घेतला, कोणी पेल्यात. विवेकच्या खुर्चीवर बसावं की नाही असा शिंदे सरांना क्षणभर प्रश्न पडला. मी "बसा" म्हटलं, आणि ते बसले. दूध संपलं, तेव्हा वंदनाताई न विचारता शेजारी जाऊन मागून आल्या.

आपल्याकडे दुःखाच्या घरून निघताना माणसं 'येतो' म्हणत नाहीत. त्या घरी पुन्हा तशा कारणानं यायची वेळ येऊ नये, म्हणून न बोलता उठायचं, चपला घालायच्या आणि पाठ वळवायची. तेराव्यापर्यंतची ही रीत, पण माझ्या दाराशी ती तशीच टिकून राहिली होती. अकरा महिने माणसं येत होती, बसत होती आणि एक शब्द न बोलता जिना उतरत होती. मीही त्यांच्या पाठींना सरावले होते.

साडेसातला सगळे उठले. दारात चपलांचा गोंधळ झाला, कोणाची कोणाच्या पायात गेली. वंदनाताई सर्वांत शेवटी निघाल्या. चार पायऱ्या उतरल्या, काहीतरी विसरल्यासारख्या वळल्या आणि वर पाहून म्हणाल्या,

"येते गं, ताई."

"ये," मी म्हणाले, आणि त्या खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत दार उघडंच ठेवलं.