आर्लिसचं 'बघू'

आर्लिस ट्वेटनं साठी उलटेपर्यंत कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. तशी आमच्या उत्तरेकडे कुणालाच ती सवय नाही. इथे अर्धं वर्ष बर्फ. आज शेजारी दुखावला आणि उद्या आपली गाडी रस्त्याकडेच्या चरात रुतली, तर ओढून काढायला कोण येणार? म्हणून माणसं 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हणजे नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक नसतं तो बाहेरचा.

आर्लिसचं केस कापायचं दुकान मुख्य रस्त्यावर, बँक आणि लुथरन चर्च यांच्या मधोमध. सत्तरीची बाई मासिकातला फोटो दाखवून म्हणायची, "मला अस्से करून दे." आर्लिस कंगवा फिरवत म्हणायची, "बघू हं," आणि बाई समजून मासिक मिटायची. लॉइडनं लग्नाचं विचारलं तेव्हाही ती 'बघू'च म्हणाली होती. तो बिचारा तोंड बंद करून घरी गेला. वर्षभर वाट पाहून शेवटी तीच त्याच्या बीटाच्या शेतात गेली आणि ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "अरे शहाण्या, ते खरोखरचं 'बघू' होतं!" आयुष्यात तेवढं एकदाच.

लॉइड गेला त्या वर्षी आमच्या भागातली राज्याच्या सिनेटची जागा रिकामी झाली. उभं राहायला कुणी तयार नव्हतं. पक्षाची मंडळी दुकानात येऊन बसली. आर्लिस म्हणाली, "बघू." मंडळी गावातलीच, त्यांना अर्थ चांगला कळला होता, पण त्यांनी न कळल्याचं सोंग केलं आणि तिचं नाव छापून टाकलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती राजधानीत जाऊन बसते आणि बाकीचं वर्ष केस कापते.

सिनेटात तिच्या शेजारच्या बाकावर, मधली वाट सोडून, व्हर्डेल राश बसायचा. विरोधी पक्षाचा, गाईवाला, अंगानं आडवा आणि आवाजानं त्याहून आडवा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. रस्ते, शाळा, बंदुका, देव, सगळ्यावर भांडण. पण आर्लिसची आई गेली त्या आठवड्यात मोठं मतदान आलं तेव्हा तिला फोन आला तो व्हर्डेलचाच. "तू आईला नीट पोचव. आपली जोडी."

ही 'जोडी' म्हणजे सिनेटातली जुनी रीत, कुठल्या नियमात लिहिलेली नाही. एका बाजूचा माणूस अडचणीत असला की दुसऱ्या बाजूच्या कुणीतरी शब्द द्यायचा, की तू नाहीस तर मीही मत देणार नाही. हिशोब सारखा राहतो आणि माणसाला माणसासारखं वागता येतं. त्या दिवशी व्हर्डेल हात बांधून बसला आणि त्याचा पक्ष एका मतानं हरला. पुढचा अख्खा हिवाळा त्याच्याच माणसांनी त्याचा बाक शौचालयाच्या दाराशी नेऊन ठेवला. "हवा छान येते इथे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याची बायको आयोन आर्लिसला तेव्हापासून 'सवत' म्हणू लागली.

मग व्हर्डेलच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं कळलं. आणि त्याच हिवाळ्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एक खुर्ची रिकामी झाली.

गव्हर्नर आर्लिसच्या पक्षाचा. त्यानं व्हिटमर नावाच्या न्यायाधीशाचं नाव सिनेटाच्या मंजुरीला पाठवलं. व्हिटमर कायदा किती जाणतो हे कुणीच विचारलं नाही. विचारायचं होतं एवढंच, की मतदारसंघांचा पुढच्या दहा वर्षांचा नवा नकाशा न्यायालयापुढे येईल तेव्हा हा कुणाच्या बाजूनं पडेल. सिनेटात दोन्ही पक्ष समसमान, आणि समसमान मतं पडली तर नेमणूक पडते. व्हर्डेल घरी राहिला तर मात्र विरोधकांचं एक मत कमी, आणि व्हिटमर आत. दोन्हीकडच्या हुशार लोकांची बोटं तिथंच येऊन थांबली.

आर्लिस त्याला भेटायला गेली तेव्हा तो खिडकीशी खाटेवर होता. बाहेर गोठलेलं तळं, त्यावर मासेमारांच्या रंगीत खोपट्या. आडवा व्हर्डेल आता उभ्या रेघेएवढा उरला होता.

"मी नाही जाणार कुठे," तो म्हणाला. "इथंच. हे तळं बघत. कोलीन म्हणते, मतदानाला उचलून नेऊ." कोलीन ड्रेगर त्याच्या पक्षाची नेता. "मी म्हटलं, बघू."

"आपली जोडी," आर्लिस म्हणाली. "तू तळं बघ."

आयोन स्वयंपाकघरातून ओरडली, "सवतीला कॉफी देतोस, की ते पण मीच करू?" आणि मग तिनं नळ मोठा सोडला. ती रडत असावी.

या जोडीची बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुकानासमोर परराज्यातल्या नंबरांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. आत कुणी यायचं नाही, इंजिन तेवढं चालू. टीव्हीवर तिचा एक वाईट फोटो दिसू लागला, खाली अक्षरं: 'आर्लिस ट्वेट कुणाच्या?' घरचा फोन वाजायचा आणि पलीकडे नुसता श्वास. एका सकाळी तिच्या खिडकीखालच्या ताज्या बर्फात बुटांचे ठसे होते. खिडकीपर्यंत आलेले होते, परत गेलेले दिसत नव्हते. तिनं शेजारच्या नॉर्मनला बोलावलं. त्यानं घराला फेरी मारली आणि म्हणाला, "वाऱ्यानं पुसले असतील." दोघांनाही ते पटलं नाही. आर्लिसला भीती वाटत होती, उगाच लपवण्यात अर्थ नाही. केस कापताना तिच्या हातून पहिल्यांदा कुणाच्या कानाला कात्री लागली.

मग ब्रेंट ओलमन आला. हा आर्लिसच्याच पक्षाचा प्रतोद. म्हणजे मतं मोजायची, माणसं हाकायची. दक्षिणेतून आलेला, शहरी, दात पांढरेशुभ्र. बूट न झटकता आत आला.

"आर्लिस, तो माणूस शुद्धीवर पण नसतो हो," तो म्हणाला. "त्याला कळणार आहे का तुम्ही काय केलंत ते? एक मत द्या. पुढची दहा वर्षं आपली."

"हं," आर्लिस म्हणाली.

"आणि नाही दिलंत, तर पुढच्या निवडणुकीत तुमच्या विरोधात आपलाच माणूस उभा राहील. मला आवडणार नाही ते. पण राहील."

ड्रायरखालच्या दोन बायका कान टवकारून बसल्या होत्या. आर्लिसनं केर भरला, डब्यात टाकला, आणि त्याला वाटेला लावावं म्हणून म्हणाली, "बघू."

दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. विषय संपला होता. ब्रेंटनं मात्र तिचा हात हातात घेऊन दाबला आणि गाडीत बसायच्या आधीच फोन कानाला लावला. राजधानीत संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला, की म्हातारी फिरली. 'बघू' म्हणाल्याचं कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर इथल्या लहान मुलानंही ब्रेंटला वेड्यात काढलं असतं. कोलीन ड्रेगर इथलीच. तिनं आर्लिसला एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण जोडीचा शब्द दिलेल्या माणसाला 'पाळणार ना?' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून तिनं विचारलं नाही. शिष्टाचार पाळला बाईनं, आणि दुसरीच तजवीज केली.

मतदानाच्या सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. आर्लिस सिनेटाच्या पायऱ्या चढत होती तेव्हा झाडणारा माणूस बाजूच्या दाराच्या उतारावर बर्फ विरघळवायला मीठ पसरत होता. त्या दारानं हिवाळ्यात कुणी येत नाही.

"आज इकडून कोण?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत बाई. कोलीन म्हणाली, घसरता कामा नये."

शाळेची पोरं येत असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. पण आत जाण्याआधी तिनं वळून त्या उताराकडे पुन्हा एकदा पाहिलं.

नावं पुकारायला सुरुवात झाली. हो, नाही, हो, नाही. 'राश'च्या आधीचं नाव झालं आणि बाजूचं दार उघडलं. दोन माणसांनी चाकांची खाट आत ढकलली. घोंगड्यांच्या ढिगात व्हर्डेलचा चेहरा, नाकात नळी, ओठ निळे. मागून आयोन, घरातल्या सपातांवरच, कोट उलटा घातलेला. ती आर्लिसकडे नाही, कोलीनकडे पाहत होती, आणि त्या नजरेनं माणूस मरत नाही म्हणून कोलीन वाचली.

"राश."

कोलीन वाकली. तिनंच त्याच्या कोपराला आधार दिला. "नाही," व्हर्डेल म्हणाला. श्वासच तो, पण ऐकू आला.

आता जोडी मोडली होती. तो हजर होता, म्हणजे आर्लिस मोकळी. तिनं हो म्हटलं तरी समसमान, गप्प बसली तरी नेमणूक पडणार. आणि ती तशीही मत देणारच नव्हती; त्याला मरायच्या खाटेवरून उचलून बर्फातून इतका लांब आणला तो पूर्णपणे फुकट.

"ट्वेट."

ती उभी राहिली. "माझी व्हर्डेल राशशी जोडी आहे," ती म्हणाली. "मी मत देत नाही."

ब्रेंटनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. कोलीनचा चेहरा पांढराफटक पडला. आर्लिस अध्यक्षांना न विचारता मधली वाट ओलांडून खाटेशी गेली.

"व्हर्डेल, मी फिरले नव्हते रे. मी फक्त 'बघू' म्हटलं होतं."

"माहितीय की," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, तो खोकल्यात गेला. "तुझ्या ड्रायरखालच्या बायकांकडून कानावर आलंच होतं ते. खाट उचलायला आले तेव्हा मी म्हटलं यांना, गाढवांनो, 'बघू' म्हणालीय ती. म्हणजे नाही."

"मग आलास कशाला?"

"मला कुणी विचारलं?" व्हर्डेल म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो गेला. तळं यायला अजून बराच रस्ता बाकी होता.

आयोननं अंत्यविधीला आर्लिसला घरच्यांच्या रांगेत बसवलं. तिच्या मांडीवर हात ठेवून बसली. नंतर चर्चच्या तळघरात हॅम-बटाट्याचं जेवण झालं. कोलीनही आली होती. तिच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

बर्फ वितळण्याआधी ब्रेंट पुन्हा दुकानात आला. या वेळी सरळ खुर्चीतच बसला. "जरा कमी करा मागून." आर्लिसनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"गव्हर्नर व्हिटमरचं नाव परत पाठवतोय," तो आरशातून म्हणाला. "व्हर्डेलची जागा पोटनिवडणुकीपर्यंत रिकामी. आता समसमान नाही राहिलं. वाईट झालं त्याचं, पण काय करणार. आणि तुमची ती जोडी पण सुटली की. तुम्ही मोकळ्या." तो हसला. "तुम्ही मागे 'बघू' म्हणाला होतात."

वस्तऱ्याचं पातं त्याच्या मानेवर टेकलेलं होतं. ड्रायरखालच्या बायकांनी ड्रायर बंद केले. बाहेर एक गाडी इंजिन चालू ठेवून उभीच होती.

"नाही," आर्लिस म्हणाली.

ब्रेंटला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तो मेलाय, आर्लिस. मेलेल्याशी कसली जोडी?"

"नाही," ती पुन्हा म्हणाली. या खेपेला मोठ्यानं, आणि असं, की बाहेरच्या माणसालाही कळावं. मग वस्तरा पुसून तिनं त्याच्या गळ्याचं कापड सोडलं. त्याचे केस मागून अर्धेच झाले होते.