साडेतीन फुटांचं जोतं

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. कामाला लागला त्याच दिवशी थोरल्या बहिणीने त्याचं नाव भिंगू ठेवलं आणि ते घरीदारी चिकटलं ते चिकटलंच.

ही बहीण, ताई, गणिताच्या शिकवण्या घ्यायची. रस्ता ओलांडताना तिला ट्रकने उडवलं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून ती भाऊ-भावजयीकडेच होती. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की भिंगू शेजारच्यांना गोळा करायचा आणि चाकाच्या खुर्चीसकट तिला जिन्यावरून उतरवायचा. ती वरून सूचना द्यायची, हळू रे, कपाट उतरवताय की बहीण? सगळे हसायचे. बाकी दिवस तिचं जग म्हणजे एक खिडकी. तिला उठवणं-बसवणं, आंघोळ घालणं भावजयीकडे. त्यात भावजयीची पाठ कामातून गेली होती, पण ती कुणाला बोलली नव्हती.

अपघाताची भरपाई एकदाची मिळाली तेव्हा ताईने सगळी रक्कम भावापुढे ठेवली. जमीन घ्यायची आणि आपल्याला हवं तसं घर बांधायचं. एकच मजला, रुंद दारं, उंबरा कुठेच नाही, आणि रस्त्यापासून दारापर्यंत सिमेंटचा उतार. "त्यावरून मी एकटी येईन-जाईन, कुणाला हाक न मारता," ती म्हणाली.

हिशोब तसा सरळ होता. ताईच्या पैशातून जमीन, बांधकामाला भिंगूच्या नावावर कर्ज, आणि अडीअडचणीला म्हणून थोडी रक्कम बाजूला. भिंगूने रविवार-रविवार पायपीट करून प्लॉट शोधला, पंचवीस फूट बाय चाळीस. आजूबाजूच्या भावापेक्षा बराच स्वस्त. स्वस्त का, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग प्लॉट सोडावा लागला असता.

उत्तर पायाच्या खड्ड्यातून वर आलं. दोन फुटांखाली माती संपली आणि फुटक्या फरश्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला निघायला लागल्या. खाली कधीकाळची दगडाची खाण होती. कुणीतरी ती कचऱ्याने बुजवून वर माती पसरली होती. ठेकेदाराने सांगितलं, पाया दुप्पट खोल न्यावा लागेल. शिवाय भाग सखल, पावसात रस्त्यावरही पाणी चढतं, म्हणजे जोतं, घर ज्यावर उभं राहतं तो ओटा, रस्त्यापासून साडेतीन फूट उचलावं लागेल. नाहीतर गटाराचं पाणी घरात.

भिंगू दलालाकडे धावला. दलालाने चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, जमीन तुम्ही स्वतः बघून घेतलीत, कागदावर सही तुमची. वकिलाने तोंड उघडायचीच जी फी सांगितली ती ऐकून भिंगू परत फिरला.

बाजूला ठेवलेली रक्कम पायातच गडप झाली. पाठोपाठ कर्जाचा पहिला टप्पाही. इकडे घरभाडं आणि हप्ता दोन्ही सुरू. भिंगूचं जेवण तुटलं. दुकानात त्याने एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. बाई पायरी चुकल्या, थोडक्यात बचावल्या. मालकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरं काम बघ.

पण खरी मेख पुढेच होती. ताई खुर्ची स्वतः चढवू शकेल असा उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. जोतं फूटभर असतं तर प्रश्नच नव्हता. साडेतीन फुटांना बेचाळीस फूट, आणि प्लॉटच चाळीस. भिंगूने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. घर आणि उतार दोन्ही काही केल्या मावेनात. बहिणीच्या पैशाने, बहिणीसाठी, बहिणीला शिरता येणार नाही असं घर आपण बांधतोय, हे त्याला कळून चुकलं. पुढचे कितीतरी दिवस त्याने घरात काही सांगितलं नाही. ताईने विचारलं की म्हणायचा, चाललंय.

शेवटी उताराचं काय करायचं ते कळेना म्हणून ठेकेदारानेच काम थांबवून घरी फोन केला. तो घेतला ताईने.

भिंगू कामावरून आला तर ताई आणि भावजय टेबलाशी बसलेल्या, समोर नकाशा पसरलेला. त्याने बूटही काढले नाहीत. तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. विकून टाकू म्हणाला, मिळेल त्या किमतीला. माझी चूक आहे, तुझे पैसे मी जन्मभर फेडीन. बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

ताईने नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "कचऱ्याची जमीन कोण घेणार? आणि मी पुन्हा या खिडकीत बसू?"

तिने पेन्सिलीने उतार घराच्या कडेने मागपर्यंत नेला आणि तिथून वळवून पुढे आणला. तो बसला, पण एक खोली गिळून. ती खोली भाऊ-भावजयीची होती. ताईची पेन्सिल तिथेच थांबली. तिने वर पाहिलं नाही.

भावजय म्हणाली, "मला खोली नको. मला माझी पाठ हवी. आणखी दोन वर्षं तुम्हाला उचललं तर मीच आडवी होईन, ताई." इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते वाक्य होतं. तिलाही त्याचं आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. ताईने नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

घर उभं राहिलं म्हणायचं ते असं : ताईची खोली, स्वयंपाकघर आणि पुढची खोली, जिथे भिंगू आणि बायको झोपतात. छताचा स्लॅब घालून झाला आणि पैसा संपला. भिंतींना बाहेरून गिलावा नाही, खिडक्यांना प्लॅस्टिक. उताराचं सिमेंटही पुरलं नाही. बेचाळीस फुटांचे तीसच झाले, कठडा राहिला. भाडं परवडेना म्हणून तशाच घरात ते राहायला आले.

लांबी तुटली म्हणून उतार जास्तच उभा झाला. ताईला तो एकटीने उतरता येतो, चढता येत नाही. मध्यावर हात थकतात आणि खुर्ची मागे यायला लागते.

महिन्याभराने शेजारच्यांनी भिंगूला सांगितलं, तुमची बहीण दुपारी फाटकाशी उन्हात बसलेली असते, वर न्यायला कुणी नसतं, बरं दिसत नाही. तो तडक घरी येऊन तिच्यावर चिडला. कठडा नाही, तोल गेला तर? बायको बाजारात, मी दुकानात, कुणाला हाक मारशील?

"कुणालाच नाही," ताई म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत मी बाहेर असते."

 दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो लोखंडाच्या दुकानात गेला, कठड्याच्या पाइपाचा भाव विचारला, मनात महिन्याचा हप्ता मोजला, आणि पाइप न घेताच कामावर परतला.