हिवाळ्यात चालू असलेला फ्रिज

घनसावंगी तालुक्यातल्या त्या गावात नर्सबाई म्हणून रुजू झाले, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माझी जीभ माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं चालायची. मी जालन्याची, मस्तगडातली. नळावरची भांडणं ऐकतच मोठी झाले, त्यामुळे सरपंच असो की मास्तर, कुणाचं ऐकून घ्यायची सवयच नव्हती. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक टेबल, एक वजनकाटा आणि मी.

माझ्या बॅगेतली बाकीची औषधं गरीब स्वभावाची होती. जुलाबाची पाकिटं, तापाच्या गोळ्या, अंगावर पित्त उठलं तर द्यायचं इंजेक्शन, सगळं उन्हातान्हात निमूट टिकायचं. नखरा एकाचाच, अर्गोमेट्रिनचा. बाळंतपण झाल्यावर रक्त थांबेना झालं तर द्यायचं ते इंजेक्शन. बोटाएवढी तांबूस काचेची कुपी. तिला उजेड नको, ऊन नको, थंडावा पाहिजे. सिरिंजमध्ये ओढल्यावर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तर चांगलं, पिवळं दिसलं की फेकून द्यायचं. तालुक्याचा दवाखाना गाठायला जीप, आणि जीप काही भरल्याशिवाय हलत नसे. त्या मधल्या तास-दीड तासात बाळंतीण हातात ठेवायची, ती ह्या कुपीच्या भरवशावर.

गावात फ्रिज एकच होता, स्टँडवर, चाचांच्या थंड्याच्या दुकानात. चाचा पन्नाशीचे, लुंगी, पांढरी कातरलेली दाढी आणि बोलणं मोजकं. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी वरची फळी रिकामी केली, खांद्यावरच्या रुमालानं पुसली आणि म्हणाले, "ही फळी तुमची, बाई. हितं माझी बाटली येनार न्हाई." लाईट गेली की ते माझ्या कुप्यांच्या डब्याभोवती ओलं बारदान गुंडाळायचे, वर बर्फाचा खडा ठेवायचे. एकदा एका बड्या शेतकऱ्यानं डब्यात काय आहे ते दाखवा म्हणून हट्ट धरला, तर चाचांनी फ्रिजचं दारच लावून घेतलं. "दवा हाय ती. तमाशा न्हाई."

आणि दाई. साठीची, तालुक्याला ट्रेनिंग घेऊन आलेली, माझा उजवा हात. खरं सांगायचं तर शिक्षण माझं होतं आणि हात तिचे होते. बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला सवाल, "सुई हाय ना, बाई?" मी "हाय" म्हटलं की पदर खोचायची आणि कामाला लागायची. ते "हाय" म्हणताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. आज ते आठवलं की हसू येतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी मी डबा घ्यायला गेले. फ्रिज उघडला तर आत ना दिवा, ना गारवा. वास आला तो टोस्टचा. माझ्या फळीवर, माझ्या डब्याला टेकून, खारी आणि टोस्टच्या पुड्या ओळीनं मांडलेल्या.

"उंदरं लई झालेत, बाई," चाचा म्हणाले. "आन् थंडीत कोन पेतंय थंडा? म्हून बंद करून ठुला. तुमच्या दवाला काय, हवाच गार हाय की."

मराठवाड्यातली थंडी! पहाटे दात वाजतात आणि दुपारी पत्रा तापतो. मी एक कुपी फोडून सिरिंजमध्ये ओढली. पिवळी. मग माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. स्टँडवरच्या वीस माणसांसमोर मी ओरडले, "चाचा, हे औषध आहे का चहात बुडवायचा टोस्ट? एखादीचा जीव गेला असता म्हणजे काय उत्तर देणार होता?" आणि डबा पायरीवर आपटला. सगळ्या कुप्या फुटल्या. चाचा खाली बसून काचा गोळा करत राहिले, आणि मी मागं न बघता निघून आले.

तेव्हापासून अबोला. नव्या तीन कुप्या आणल्या आणि माझी अक्कल चालवली. मोठ्या माठात छोटं मडकं, मधल्या जागेत ओली वाळू. रोज वाळूवर पाणी मारायचं, झालं. कुणाच्या फ्रिजची गरजच काय! दुकानावरून जाताना मी मान वळवून चालायची. चाचा मात्र पहिल्यासारखेच मी दिसले की उठून उभे राहायचे. ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं, आणि दिसलं म्हणून जास्तच राग यायचा.

दाई म्हणाली, "बाई, मानूस खाली मान घालून बसून राह्यलाय. बोला की."

"त्यांनी बोलावं."

"तुमी बोलाय जागा ठुली का त्यायला?"

मी तिलाही गप्प केलं.

संक्रांत झाली. दाईची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी दहाच्या सुमाराला सुटली, मुलगी झाली, वार पूर्ण पडली. दाईनं नातीला पुसून लेकीच्या छातीशी दिलं आणि स्वतःशीच हसली. तेवढ्यात मला खालचं कापड दिसलं. ते बदललं, दुसरंही भिजलं. पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं तर ते आवळतच नव्हतं, हाताखाली नुसतं मऊ लागत होतं. पोरीचे ओठ पांढरे पडायला लागले.

"सुई हाय ना, बाई?"

"हाय."

पहिली कुपी ओढली, पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी ओढली, तीही पिवळी. आदल्या आठवड्यात मी तीन दिवस शिबिराला गेले होते. वाळूवर पाणी मारायला कुणाला सांगायचं लक्षातच राहिलं नव्हतं. वाळू वाळली, मडकं तापलं, आणि आल्यावर पुन्हा पाणी मारून मी निवांत झाले होते. चाचांना ज्यासाठी वीस माणसांत झाडलं, तेच मी केलं होतं.

दाईनं माझं तोंड बघितलं आणि समजली. माझा हात बाजूला करून स्वतःचा तळवा लेकीच्या पोटावर दाबला. "जीप बघा, बाई. मी हात सोडत न्हाई."

मी स्टँडकडं पळाले. अनवाणी, कोपरापर्यंत रक्तानं माखलेली. बाजाराचा दिवस, सगळ्या जीपा माणसं भरून तालुक्याला गेलेल्या, स्टँडवर एकही नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मी इकडं तिकडं बघत होते. एवढी असहाय मी आयुष्यात त्याआधी कधी झाले नव्हते.

"काय झालं?" चाचा उठून उभे होते.

"दाईची लेक. रक्त थांबत नाही. माझं औषध खराब झालं, चाचा. माझ्याच हातानं."

ते वळले आणि फ्रिजचं दार ओढलं. आत दिवा लागला. गार हवा माझ्या तोंडावर आली. खालपासून वरपर्यंत सगळा फ्रिज रिकामा, एक बाटली नाही, आणि वरच्या फळीवर रुमालात बांधलेला एक छोटा खोका. अर्गोमेट्रिन. पाच कुप्या.

मी खोका घेतला आणि पळत सुटले.

सिरिंजमध्ये ओढलं तर पाण्यासारखं स्वच्छ. बीपी बघितलं, सुई दिली आणि मग आम्ही दोघी नुसत्या वाट बघत बसलो. दाईचा तळवा तसाच पोटावर. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती हळूच म्हणाली, "आवळतंय, बाई." आणि मग एवढी खंबीर बाई तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मीही रडले. तेवढ्यात चाचांनी कुठून तरी जीप हुडकून दारात आणली. पोरीला तालुक्याला नेलं, सलाईन लावलं आणि चौथ्या दिवशी ती लेकीला घेऊन घरी आली.

तालुक्याहून परतले त्या संध्याकाळीच मी उरलेल्या चार कुप्या घेऊन दुकानात गेले. चाचांनी फळी पुन्हा पुसली. मी खोका ठेवला.

"कुठून आणल्या?"

"जालन्याहून. तुमच्या मस्तगडातूनच. तवा काचा गोळा केल्या ना, त्यातल्या एकीवर कागद चिटकलेला व्हता. मला वाचता येत न्हाई, म्हून दुकानदाराला तोच दाखवला. थर्मासात बर्फ घालून आनल्या."

"मग सांगितलं का नाही?"

ते फळीकडंच बघत होते. "दोनदा आल्तो दाराशी. तुमी पाठ केली."

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही, आणि तेच जास्त लागतं. अख्खा हिवाळा ह्या माणसानं रिकामा फ्रिज चालू ठेवला होता, जिच्यासाठी ठेवला ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

"आणि मी आलेच नसते तर?"

"मंग चालूच राह्यला असता," चाचा म्हणाले.

मला माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "उंदरं टोस्ट खात असतील आता तुमचे."

चाचा पहिल्यांदा हसले. "खाऊ दे की, बेटी."

त्याआधी ते मला कायम बाई म्हणत.

पुढं मी त्या गावात आणखी सहा हिवाळे काढले. मग बदली झाली, सरकारी फ्रिज आले, आता तर गाडी फोन केल्यावर येते म्हणतात. माफी मागायची राहिली ती राहिलीच. फक्त त्या संध्याकाळनंतरच्या पहिल्या बाजारी मी घट्ट झाकणाचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला, चाचांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांचे सगळे टोस्ट माझ्या हातानं त्यात भरून दिले.